ओल कुठून येते

शाळेत त्यांचं खरं नाव शिक्षकांच्या हजेरीपुस्तकापुरतंच उरलं होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी त्या रेडिओबाई. एकदा सुरू झाल्या की घंटा होईपर्यंत थांबायच्या नाहीत, आणि घंटा झाल्यावरही हातातलं वाक्य पुरं केल्याशिवाय वर्गाबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत, म्हणून हे नाव. ते कुठल्या वर्षीच्या पोरांनी पाडलं, हे कुणालाच आठवत नव्हतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. "रेडिओ लोक ऐकतात तरी," असं त्या नवऱ्याला म्हणायच्या.

त्या सहावी-सातवीला विज्ञान शिकवायच्या आणि चांगलं शिकवायच्या. त्यांच्या टिपणांवर थोरल्या भावंडांनी परीक्षा दिल्या, पुढे त्याच टिपणांवर धाकट्यांनीही दिल्या. फळ्यावरचं अक्षर इतकं रेखीव की पुढच्या तासाच्या शिक्षकांना पुसायला हात होऊ नये. प्रश्न विचारला की उत्तरही त्याच देऊन टाकायच्या. मुलांना उगाच ताटकळत कशाला ठेवायचं? "झाडाला अन्न कुठून मिळतं? पानांतून. पानांत काय असतं? हरितद्रव्य. लिहा." आणि सगळ्या वर्गाच्या माना खाली.

घरीही तेच. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. अबोल माणूस. त्यानं "आज दुकानात..." एवढं म्हटलं की "गर्दी होती ना? असणारच," असं म्हणून बाई त्याचं वाक्य संपवून मोकळ्या व्हायच्या. तो मान हलवायचा. बरेचदा गर्दी नसायची, पण तेवढ्यासाठी कोण तोंड उघडणार?

शाळेत त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे फुलांचा वाफा. सातवीच्या वर्गामागे, भिंतीला लागून, पूर्वी नुसता राडारोडा पडलेला असायचा. बाईंनी तो उचलवून घेतला, स्वतः उभं राहून माती टाकून घेतली आणि डेलिया लावले. ताटलीएवढी फुलं यायची. पाणी घालायला मुलांच्या पाळ्या लावलेल्या होत्या, आणि पाळी चुकवणाऱ्याची खैर नसायची.

त्या वर्षी वरून पत्रक आलं की प्रत्येक शाळेतून विज्ञानाच्या एका शिक्षकानं 'शोधातून शिकणं' या प्रशिक्षणाला यायचं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शिक्षकखोलीत आल्या तेव्हा बाकीच्यांनी पटापट वह्यांच्या गठ्ठ्यांत तोंडं घातली. रेडिओबाई तेवढ्या चहा पीत होत्या.

"तुम्ही जाल ना?" मोठ्या बाई म्हणाल्या, आणि तो प्रश्न नव्हता.

प्रशिक्षण देणारा मुलगा बाईंच्या भाच्याच्या वयाचा. बाया-बाप्यांच्या त्या वर्गात त्यानं गटागटाला एकेक पत्र्याचा डबा दिला, चिकटपट्टीनं गच्च बंद केलेला. आत काय आहे ते डबा न उघडता सांगायचं आणि कशावरून ते म्हणता तेही सांगायचं. बाईंनी डबा कानाशी नेऊन हलवला. काहीतरी घरंगळत होतं, पण मध्येच अडखळायचं, मग पुन्हा घरंगळायचं.

"गोटी," बाई म्हणाल्या. "लिहा."

"गोटी असती तर अडखळली असती का?" शेजारच्या शाळेतले सर म्हणाले. बाईंनी डबा त्यांच्या हातून परत घेतला. तिरका केला, उलटा केला, हळूच टिचकी मारली. वाद इतका रंगला की चहाची सुट्टी झालेली कळलीच नाही. शेवटी त्या मुलानं सगळे डबे गोळा केले आणि पिशवीत भरले.

"अहो, उघडा की!" बाई उठूनच उभ्या राहिल्या.

"नाही उघडणार, मॅडम."

"मग बरोबर कुणाचं ते कळायचं कसं?"

"तुम्हाला काय वाटतं, कसं कळेल?" तो शांतपणे म्हणाला, आणि पिशवीची चेन ओढली.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्या त्या तणतणतच. जेवण झाल्यावर नवरा पाहतो तर बाई स्वयंपाकघरात एका रिकाम्या डब्यात काय काय घालून हलवताहेत. बटण, साबणाची वडी, बाटलीचं झाकण.

"काय चाललंय?"

"घरंगळतं, पण अडखळतं. सांगा, काय असेल?"

त्यानं विचार केला. मग आत जाऊन दुकानातली एक जुनी काच आणली, एका बाजूला फुगीर, आणि डब्यात टाकली. दोघांनी आळीपाळीनं कान लावला. नाही, तसा आवाज नव्हता. मग त्यानं पेन्सिलीचा तुकडा आणला. झोपायची वेळ टळून गेली तरी दोघं डबे खुळखुळवत बसले होते, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली वाकून "सगळं बरं आहे ना?" असं विचारलं.

त्या वस्तूचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. पण अंथरुणावर पडल्यावर बाईंच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण विज्ञान शिकवतोय. अशी खाज मात्र आपल्याला किती वर्षांत सुटली नव्हती. आणि आपल्या वर्गातल्या पोरांना? त्यांना ती सुटूच दिली नाही आपण. खाज सुटायच्या आतच मलम लावून मोकळ्या.

प्रशिक्षण संपलं. बाई सातवीच्या वर्गात गेल्या आणि खडू खाली ठेवून म्हणाल्या, "आज मी शिकवणार नाही. आज तुम्ही प्रश्न विचारायचे."

वर्ग एकमेकांकडे पाहत राहिला. शेवटी एक हात वर आला. तो वकिलाचा. या पोराला प्रत्येक गोष्टीत 'पण' काढायची सवय होती, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

"बाई, हे परीक्षेला आहे का?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी घमेलंभर पाणी आणि वस्तूंची पिशवी आणली. काय तरंगेल, काय बुडेल, तुम्ही शोधा. मुलांनी पाण्याकडे बघितलंही नाही. पाठ केलेली व्याख्या एका सुरात म्हणून दाखवली आणि कौतुकाच्या आशेनं बाईंकडे बघत बसली. ती व्याख्या गेल्याच वर्षी बाईंनीच लिहून दिली होती.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे गप्प बसणं. प्रशिक्षणातल्या त्या मुलानं सांगितलं होतं, प्रश्न विचारल्यावर थांबा. बाई प्रश्न विचारायच्या, आणि पुढच्याच श्वासाला उत्तर आपोआप बाहेर पडायचं. उचकी लागावी तसं. कंटाळून त्यांनी एक युक्ती काढली. प्रश्न विचारायचा आणि लगेच बाटलीतल्या पाण्याचा मोठा घोट घेऊन तोंडातच धरून ठेवायचा. मग बोलणार कसं?

पहिल्याच दिवशी गाल फुगवून त्या वर्गाकडे बघत उभ्या राहिल्या. पहिल्या बाकावर आजीबाई बसायची. जाड चष्मा, दोन घट्ट वेण्या आणि बोलणं एखाद्या म्हातारीसारखं, म्हणून हे नाव. तिनं काळजीनं मान वर केली.

"अहो बाई, दाढ दुखतेय का तुमची? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या असतील तर बाहेर जाऊन करा हो, आम्ही दंगा नाही करणार."

बाईंना असं हसू फुटलं की पाणी नाकातून आलं, पहिल्या बाकावरच्या वह्या भिजल्या, आणि ठसका थांबेस्तोवर तास संपला.

घरी हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, थोडं हसण्याचं आणि थोडं खरंखुरं. "मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "या वयात नाही."

नवरा चष्मा पुसत होता. "माझ्याकडे माणूस येऊन बसतो," तो म्हणाला. बाईंच्या ओठावर त्याचं पुढचं वाक्य आलं होतं, पण का कोण जाणे, त्यांनी ते गिळलं. तो थोडा थांबला, जरा चकितच झाला, आणि पुढे बोलला. "मी काच बदलतो आणि विचारतो, आता कसं दिसतंय? त्याला काय दिसतंय ते मला कुठे माहीत असतं? म्हणून थांबावं लागतं."

"किती वेळ थांबता?"

"तो बोलेपर्यंत."

"आणि तो चुकीचं बोलला तर?"

"त्याला दिसतंय ते चुकीचं कसं असेल? मी आपली पुढची काच लावतो."

हे ऐकून बाई लगेच सुधारल्या, असं मात्र झालं नाही. घटक चाचणी जवळ आली होती, दोन धडे मागे पडले होते, आणि एका मुलीची आई वही घेऊन मोठ्या बाईंकडे येऊन गेली होती. पानं कोरी का? मोठ्या बाईंनी रेडिओबाईंना बोलावून घेतलं.

"नवीन करा, माझी ना नाही. पण पोर्शन?"

बाईंनी मान खाली घातली आणि पुन्हा टिपणं द्यायला लागल्या. प्रश्न, उत्तर, लिहा. वर्गानं सुटकेचा श्वास सोडला आणि बाईंच्या मनात मात्र कुसळ टोचत राहिलं.

अशाच एका तासाला वकील मागच्या भिंतीला रेलून लिहीत होता. उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रंगाचे पोपडे चिकटले होते. त्या भिंतीला खालून कमरेइतक्या उंचीपर्यंत कायम ओल असायची. दरवर्षी रंग द्यायचा आणि दरवर्षी तो फुगून गळायचा.

"किती वेळा सांगितलं, भिंतीला टेकू नकोस म्हणून!" बाई ओरडल्या.

"पण बाई, ही भिंत ओली का असते?"

"का म्हणजे? छतातून पाणी..." बाईंनी वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत. भिंतीचा वरचा भागही कोरडा. त्यांनी तोंड उघडं ठेवून पुन्हा खाली पाहिलं. ओल खालीच होती. पाणी वरून आलं असतं तर वर डाग नको होता का?

वर्ग उत्तराची वाट बघत होता. पेनं तयार होती.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

असं वाक्य त्या वर्गात पूर्वी कधी उच्चारलं गेलं नव्हतं. एका पोरानं चुकून ते वहीत लिहूनही घेतलं. मग कुणीतरी मागून म्हणालं, "नळामुळे असेल. भिंतीमागे नळ आहे ना." दुसरी म्हणाली, "मधल्या सुट्टीत मुलगे हात धुऊन भिंतीला पुसतात, मी पाहिलंय." "ए, आम्ही नाही पुसत!" "पुसता!" "पुसतात तर कमरेइतक्या उंचीवर कशाला? खांद्याच्या उंचीवर नाही का पुसणार?" असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. बाईंनी टिपणांची वही मिटली. गलक्यातून वाट काढत त्या एवढंच म्हणाल्या, "कोण बरोबर, हे कळायचं कसं?" आणि म्हणून झाल्यावर त्यांना आठवलं की याच वाक्यानं आपल्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्या दिवशी ओलीच्या कडेकडेनं खडूची रेघ मारली गेली. दर सोमवारी नवी रेघ मारायची, वेगळ्या रंगाची. हात पुसण्याचा संशय पहिल्या आठवड्यातच निकालात निघाला. मुलींनी मधल्या सुट्टीत पहारा ठेवला आणि मुलग्यांनी एकाही ओल्या बोटाचा स्पर्श भिंतीला होऊ दिला नाही. ओल जिथल्या तिथे. एकीनं घरून विटेचा तुकडा आणला आणि ताटलीत थोडं पाणी घालून त्यात उभा केला. दुपारपर्यंत पाणी विटेत निम्म्याच्या वर चढलं होतं.

"बाई, पाणी वर चढतंय!" सगळा वर्ग ताटलीभोवती जमला. पाणी उताराकडे जातं, हे बाईंनीच शिकवलं होतं. आता तेच पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विटेत चढत होतं. बाईंना त्यामागचं कारण माहीत होतं. शब्द जिभेवर होता. त्यांनी ओठ आवळले आणि विचारलं, "मग भिंतीत कुठून चढत असेल?"

शिपाईमामांचं मत ठाम होतं. "नळाची पाइप फुटलीय आतून. मी किती वर्षं सांगतोय." मुलांनाही ते पटलं. मग लांबलचक सुट्टी आली, आणि सुट्टीत टाकीचं पाणी बंद असायचं. शाळा उघडल्यावर सगळे धावत भिंतीपाशी गेले. ओल खडूच्या रेघेच्या चांगली वीतभर खाली उतरली होती.

"नळच!" मामा म्हणाले. "नळच!" वर्ग ओरडला. बाईंनाही वाटलं, झालं, सापडलं. आता हे लिहून घ्यावं आणि पुढचा धडा काढावा.

"पण," वकील म्हणाला.

"आता कसला पण?"

"सुट्टीत नुसता नळच बंद नव्हता ना, बाई. अजूनही काय काय बंद असेल." तो काहीतरी पुढे बोलणार होता. तेवढ्यात आजीबाईनं त्याला कोपरानं ढोसलं आणि तो गप्प बसला. बाईंना वाटलं, पोराला नेहमीची खोड. पण मुद्दा खरा होता. "मग एका वेळी एकच गोष्ट बंद करून बघू," त्या म्हणाल्या. मोठ्या बाईंची परवानगी काढून मामांनी त्या नळाचा मागचा कॉक बंद केला; वाफ्याची झारी मुलं पुढच्या नळावर भरायची. सोमवार आला, पुढचा सोमवार आला. ओल उतरली नाहीच, उलट बोटभर वर चढली. मामांचा चेहरा पडला. "मग भुताटकी असेल," असं म्हणून त्यांनी कॉक पुन्हा उघडला आणि ते घंटा द्यायला निघून गेले.

त्यानंतर वर्गाचा नूरच बदलला. बाई दिसल्या की कुजबुज थांबायची. "पुढे काय करायचं?" असं विचारलं की सगळे खिडकीबाहेर बघायचे. बाईंना वाटलं, पोरांचा उत्साह संपला. आपणच जास्त ताणलं.

आणि मग एका सकाळी त्या वाफ्याशी गेल्या आणि जागीच थबकल्या. डेलियांनी माना टाकल्या होत्या. पानं सुरकुतलेली, कळ्या करपलेल्या, माती भेगाळलेली. बाई तशाच वर्गात आल्या.

"कुणाची पाळी होती पाण्याची?"

वकिलानं आजीबाईकडे पाहिलं.

"कालची कुणाची? परवाची?" आवाज चढत गेला. "फुलं म्हणजे काय प्लॅस्टिकची वाटली? एवढीशी झारी उचलायचा कंटाळा! एवढं मी तुमच्यासाठी..."

त्या बोलत राहिल्या. पार पुस्तकं न आणणाऱ्यांपासून उशिरा येणाऱ्यांपर्यंत सगळं निघालं. वर्ग खाली मान घालून ऐकत होता. शेवटी दम घ्यायला त्या थांबल्या, तेव्हा पहिल्या बाकावरून आजीबाई उठली. तिनं चष्मा वर सरकवला.

"बाई, तुम्ही बसा बघू आधी."

"मी कशाला बसू?"

"बसा हो. उभ्यानं ऐकण्यासारखं नाहीये ते."

बाई खरंच बसल्या.

"पाणी रोज भरतो आम्ही," आजीबाई म्हणाली. "पाळी कुणीच चुकवली नाही. पण वाफ्यात नाही घालत, फाटकाजवळच्या झाडाला घालतो. सुट्टीत वाफ्यालाही पाणी नव्हतं ना, झाडं तेव्हाही मलूल झाली होती आणि मग सावरली. म्हणून मग एकच गोष्ट बंद करून बघायची होती. तुम्हीच म्हणालात, एका वेळी एकच. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. आम्ही खूप भांडलो त्यावरून. मी म्हणत होते, सांगा. वकील म्हणत होता, आधी पुरावा."

बाईंनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. शेवटची रेघ निळी होती, सोमवारची. ओल तिच्याखाली उतरली होती. थोडीशीच, पण स्पष्ट. नळ तर आता चालू होता.

त्या उठल्या, बाहेर गेल्या, वर्गाला वळसा घालून भिंतीमागे आल्या. झारी उचलून नळाखाली धरली. पाणी भरत असताना त्यांनी वाफा नीट पाहिला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असा. दरवर्षी नवी माती टाकून टाकून तो चांगला गुडघाभर उंच झाला होता. ती सगळी माती भिंतीला चिकटून होती. आतली जमीन खाली, बाहेरची माती वर. आणि त्या मातीत रोज, न चुकता, पाळी लावून पाणी. ताटलीतल्या विटेसारखी भिंत ते पाणी पीत होती. दरवर्षी रंग गळायचा आणि दरवर्षी त्या शिक्षकखोलीत म्हणायच्या, रंगारी चोर आहे.

झारी भरून वाहायला लागली. हातात ती भरलेली झारी, समोर तहानलेली झाडं आणि खिडकीच्या गजांतून बघणारे सगळ्या वर्गाचे डोळे. राग अजून गेला नव्हता. पोरांनी आपल्या पाठीमागे हे केलं, याचं वाईट वाटत होतं. आपल्याला सांगायची त्यांना भीती वाटली, याचं त्याहून जास्त.

मग त्यांनी झारी उचलली, फाटकापर्यंत नेली आणि तिथल्या झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली.

परत येऊन त्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"सोमवारपर्यंत थांबू," बाई म्हणाल्या. "एवढ्याशा उतरण्यावरून नक्की नाही म्हणता येणार. हवा कोरडी होती म्हणूनही उतरली असेल. हो की नाही, वकीलसाहेब?"

वकिलाचे कान लाल झाले. "मी तेच म्हणणार होतो, बाई."

"आणि पुन्हा असं काही वाटलं तर मला सांगायचं. मी ओरडले तरी सांगायचं. ओरडेन कदाचित. सवय आहे. तरी सांगायचं."

सोमवारी ओल आणखी चार बोटं उतरली. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर सगळा वर्ग थांबला. कुणी फावडं आणलं, कुणी घमेली, मामांनी पहार आणली आणि "मी म्हटलं नव्हतं, बाहेरूनच काहीतरी असणार," असंही ऐकवलं. जगतील असं वाटलं त्या डेलियांचे कंद काढून फाटकाजवळ, भिंतीपासून दूर, नव्या वाफ्यात लावले. काही जगले, बरेच मेले. मेलेले उपटून टाकताना बाईंना भरून आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आजीबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "येतील हो पुन्हा. मूळ धरायला वेळ लागतो."

घटक चाचणीत वर्गाचे गुण मागच्या वर्षीपेक्षा जरा कमीच पडले, आणि ते मोठ्या बाईंना सांगायला रेडिओबाई स्वतःच गेल्या. पण त्यांनी सोबत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नेला होता. केशाकर्षणाचं, म्हणजे पाणी वर का चढतं याचं, उत्तर प्रत्येकानं वेगळं लिहिलं होतं. एकानं वीट काढली होती, एकीनं दिव्याची वात, एकीनं चहात बुडवलेलं बिस्किट. वाक्यं वेडीवाकडी होती, शुद्धलेखनाचा आनंदच होता. पण मोठ्या बाईंनी एक वाचलं, मग दुसरं, मग चष्मा लावून तिसरं. इतकी वर्षं एकाच उत्तराच्या नकला तपासून त्यांचेही डोळे शिणले होते.

"राहिलेले धडे?" त्यांनी विचारलं.

"निम्मे टिपणं देऊन उरकते," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "सगळंच असं नाही जमत मला. पण महिन्यातून एक तरी गोष्ट अशी करू द्या."

मोठ्या बाईंनी गठ्ठा बाजूला ठेवला. त्या उठून थेट सातवीच्या वर्गात आल्या. भिंतीवरच्या रेघा बघत राहिल्या, पांढरी, पिवळी, लाल, निळी, हिरवी, आधी वरखाली झालेल्या आणि शेवटी एकाखाली एक उतरत गेलेल्या. तळहात लावून पाहिला.

"मग माझ्या खोलीचं काय?" त्या अचानक म्हणाल्या. "तिथेही ओल आहे. आणि ती खाली नाही, वरच्या कोपऱ्यात आहे. तिथे ना नळ, ना फुलं."

कुणीतरी विचारलं, "वर काय आहे तुमच्या खोलीच्या?" दुसऱ्यानं विचारलं, "सकाळी जास्त असते की दुपारी?" एकीनं विचारलं, "खिडकी उघडी असते का?" मोठ्या बाईंना एकाचंही उत्तर देता येईना. "बघितलं नाही गं कधी," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

रंगीत खडूंची पेटी आजीबाईनं काखेत मारली. "चला, बाई, आपल्या खोलीला डॉक्टर आलेत," असं मोठ्या बाईंना सांगून ती पुढे निघाली, आणि तिच्यामागे सगळा वर्ग व्हरांड्यातून सरसर चालू लागला, कुणाला धावायची परवानगी नव्हती म्हणून. वकील मोठ्या बाईंच्या बरोबरीनं चालत त्यांना काहीतरी पटवून देत होता. रेडिओबाई सगळ्यांच्या मागे होत्या. वरचा कोपरा गाठायला स्टूल लागेल, हे लक्षात येऊन त्या वाटेत शिक्षकखोलीत वळल्या आणि तिथलं सगळ्यांत उंच स्टूल उचलून निघाल्या.